वायर ओढायला माणूस पाहिजे

लग्नाला गेलेला माणूस आहेर देतो, जेवतो आणि घरी येतो. बिराजदार अण्णा आहेर द्यायचे, जेवायचे आणि दोन-चार अनोळखी माणसांची नावं, फोन नंबर आणि त्यांच्या घरचा कॉम्प्युटर किती जुना आहे हे लिहून घेऊन मगच घरी यायचे. आमच्या प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नात तर हे माझ्या शेजारच्या पानावरच घडलं. वाढपी जिलेबी घेऊन आला. अण्णांनी जिलेबीकडं पाहिलंही नाही.

"काय भाऊ, घरी कॉम्प्युटर हाय का?"

"हाय की काका. पन लई जुना हाय. मधीच बंद पडतोय."

अण्णांनी उष्ट्या हातानं त्याचं मनगट धरलं. "मग तूच पाहिजे. नंबर सांग."

आमच्या रांगेतल्या पुढच्या सगळ्यांना त्या दिवशी जिलेबी उशिरा मिळाली. पण त्या वाढप्यानं पुढं महिनाभरात सात चुका शोधून दिल्या, हे अण्णा मला कितीतरी वेळा सांगत. बोटं मोजून सांगत.

कसल्या चुका, ते आधी सांगायला हवं. मराठीत लिहिण्याचं एक सॉफ्टवेअर आहे. त्याचं नाव मी देत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात दोष त्या सॉफ्टवेअरचा कमी आणि माझा जास्त आहे. ते कुणाच्या मालकीचं नाही. ठिकठिकाणी राहणारी तीस-चाळीस माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते तयार करतात, फुकट देतात आणि त्याची आतली रचनाही उघडी ठेवतात, कुणालाही पाहता यावी, दुरुस्त करता यावी म्हणून. शाळांमधून, ग्रामपंचायतींमधून, दुकानांमधून ते वापरलं जातं. वर्षातून दोनदा त्याची नवी आवृत्ती निघते. ती निघण्याआधी महिनाभर ही मंडळी हाक देतात : तपासायला माणसं हवी आहेत. पगार नाही. वापरून बघा आणि काय बिघडतं ते कळवा.

अशी हाक इतर लोक वाचतात आणि सोडून देतात. अण्णा ती सलीमभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायचे, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि सोलापूरभर माणसं गोळा करत हिंडायचे.

अण्णा आमच्याच गल्लीत, जुळे सोलापुरात, माझ्यापासून चौथ्या घरात राहतात. वय सत्तरीच्या पुढं. गाव अक्कलकोटच्या पलीकडं. नोकरी टेलिफोन खात्यात झाली. तक्रार आली की त्या लाईनीवर कान लावून बसायचं आणि फॉल्ट कुठं आहे ते हुडकायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. त्यामुळं जगाकडं बघायची त्यांची एक पद्धत ठरून गेली आहे. नवीन स्कूटर घेतलेल्या माणसाला आपण पेढे मागतो. अण्णा विचारतात, "फॉल्ट कुटं हाय?" नाही म्हटलं तर त्यांना त्या माणसाची काळजी वाटू लागते. "फॉल्ट असतोयच सर. तुमाला दिसला न्हाय, एवढंच."

तपासणीसाठी माणसं निवडण्याचे त्यांचे नियमही असेच होते. आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या प्राध्यापकांना मी हौसेनं त्यांच्याकडं घेऊन गेलो, तर अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

"अहो अण्णा, ते पीएचडी आहेत," मी म्हणालो.

"म्हनूनच की. हुशार मानूस बरोबर तेवढंच बटन दाबतोय. त्यात काय घावतंय? मला आडव्या डोक्याचा मानूस पाहिजे. धांदरट पाहिजे. नको तितं बोट घालनारा पाहिजे." मग माझ्याकडं जरा निरखून पाहत म्हणाले, "तुमी चालताय, सर."

असा मी सोलापूर गटात भरती झालो. मी मूळचा करमाळा तालुक्यातल्या केमचा. इथल्या एका कॉलेजात हेडक्लार्क आहे. शिकवत नाही, पण गल्लीत सगळे मला मानेसरच म्हणतात आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. माझ्या स्वभावातली ही खोड इथंच सांगून ठेवतो. जे आपलं नाही ते कुणी आपल्या नावावर टाकलं, तर मी गप्प बसतो.

अण्णांना सगळ्यात जास्त राग यायचा तो "चांगलं आहे" या शब्दांचा. समोरच्या घरात पाटीलबाई राहतात, निवृत्त मुख्याध्यापिका. एका बोटानं टाइप करतात म्हणून अण्णांनी त्यांना मोठ्या आशेनं घेतलं होतं. बाईंनी पहिल्याच खेपेला लाल शाईनं लिहून पाठवलं, 'सॉफ्टवेअर उत्तम. प्रगती समाधानकारक.' अण्णा कागद घेऊन त्यांच्या दारात उभे.

"बाई, हे वो काय लिवलंय?"

"चांगलं आहे ते. चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही का?"

"चांगलं हाय म्हंजे तुमी बघितलंच न्हाय."

"बिराजदार, मी पस्तीस वर्षं पेपर तपासलेत!"

"व्हय. पन नापास किती केलीत?"

बाईंनी धाडकन दार लावून घेतलं. चार दिवस त्या अण्णांशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी अण्णांच्या दाराच्या फटीत एक कागद सापडला. त्यात क्रमांक घालून अकरा चुका लिहिल्या होत्या आणि खाली 'कळावे' होतं. अण्णांनी त्यांना शेंगा चटणीचा पुडा नेऊन दिला. ही त्यांची दक्षिणा. चूक सापडली की चटणी. न सापडली तर चहा, तोही बिनसाखरेचा.

प्रत्येकाला ते एक छापील तक्ता द्यायचे. काय केलं, काय झालं, तारीख, वेळ. वेळेसाठी ते भांडायचे. "टायम लिवा. टायम न्हाय तर फॉल्ट घावला कसा म्हनायचा?" सलीमभाईनं एकदा 'दोपहर' असं लिहिलं, तर अण्णांनी त्याला भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "दोपार किती वाजता हुतीय तुमच्यात?"

"अण्णा, मेरेकू धंदा करने दो ना," सलीमभाई हात जोडून म्हणाला. "फुकट का सॉफ्टवेअर और जेलर के जैसा हिसाब!"

सगळे तक्ते आले की अण्णा ते स्वतः नीट टाइप करून पाठवायचे. खाली सही म्हणून फक्त 'सोलापूर गट'. स्वतःचं नाव कधीच नाही. मला तो मोठेपणा वाटायचा.

ऑफिस सुटलं की मी त्यांच्याकडं चहाला जाऊ लागलो होतो. घरात ते एकटेच. काकू, म्हणजे त्यांची बायको, जाऊन पाच वर्षं झाली होती; मी या गल्लीत राहायला आलो तो त्यानंतर. असंच एका संध्याकाळी त्यांनी कपाटातून एक फाईल काढून दाखवली. प्रत्येक आवृत्तीबरोबर एक आभाराचं पान येतं, त्याच्या प्रती त्यांनी लावून ठेवल्या होत्या. वरती लिहिलेलं, 'चाचणी समन्वय : कावेरी बिराजदार'. खाली बारीक अक्षरांत तपासणाऱ्यांची नावं, त्यात 'सोलापूर गट'. ही हाक देणारी, आलेले कागद वाचणारी, आवृत्ती बाहेर पडायला योग्य आहे की नाही ते सांगणारी बाई तीच होती.

"ही कुणी तुमच्या भावकीतली का?" मी सहज विचारलं.

"भावकीतली कशाला? आमचीच की."

"आमचीच म्हणजे?"

"आमची कावेरी. एकच हाय."

मग जे समजलं ते थोडं त्यांच्याकडून आणि थोडं पाटीलबाईंकडून. कावेरीनं बंगळूरला नोकरीत असताना जातीबाहेर लग्न केलं. अण्णा लग्नाला गेले नाहीत. तिचा फोन आला तेव्हा ते एक वाक्य बोलले. कुठलं, ते मला त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काकू गेल्या तेव्हा कावेरी आली, दिवस होईपर्यंत राहिली, स्वयंपाक केला, पाहुण्यांना चहा दिला आणि गेली. त्या सगळ्या दिवसांत बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. ती गेल्यावर अण्णा सलीमभाईच्या दुकानात जाऊन कॉम्प्युटर शिकायला बसले. सहासष्टाव्या वर्षी.

"तिला ठाऊक आहे का, सोलापूर गट म्हणजे तुम्ही?"

"कसं ठाऊक असंल? मी नाव लिवतोय कुटं?"

"मग एक फोन करा ना अण्णा."

ते बराच वेळ फाईलची दोरी बांधत राहिले. "काय बोलायचं सर फोनवर? ती हाक मारतीय, तपासाया या म्हनून. मी जातोय. मी लिवतोय, ती वाचतीय. हे बघा." त्यांनी तिचं एक उत्तर काढून दाखवलं. 'सोलापूर गटाचे आभार. तुमचे रिपोर्ट नेहमीप्रमाणे नेमके आहेत.' ते वाक्य त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. "नेमके, म्हनतीय. एवढं चालू हाय न्हवं? चालू हाय त्याला हात लावू नये."

सगळ्या सोलापूरला 'मोडून बघा की' म्हणत फिरणारा माणूस हे बोलत होता. पण मी तेव्हा हसलो नाही. त्यांचं सगळं धावाधाव करणं, लग्नात वाढप्याचा हात धरणं, पाटीलबाईंशी भांडणं कशासाठी होतं, ते मला त्या दिवशी समजलं. वर्षातून दोन महिने त्यांना लेकीशी बोलता यायचं. त्यासाठी त्यांना माणसं लागायची, कागद लागायचे, चुका लागायच्या. आणि हे सगळं समजल्यानंतर मी जे केलं ते केलं.

गेल्या खेपेची गोष्ट. नव्या आवृत्तीत एक मोठी सोय येणार होती. लिहिता-लिहिता वीज गेली, तरी वीज आल्यावर लिहिलेलं सगळं आपोआप परत यायचं. कावेरीनं या वेळी सगळ्यांना हाक दिलीच, पण सोलापूर गटाला वेगळं पत्र लिहिलं. 'वीज जाण्याची चाचणी तुमच्याइतकी मनापासून कोण करणार? ती तुम्ही कराल का?'

अण्णा सकाळी सातला माझ्या दारात. दाढी अर्धी केलेली. "मानेसर, हिकडं बगा! आपल्यालाच लिवलंय! वेगळं लिवलंय! पुन्या-मुंबईच्या मानसाला चालू कॉम्प्युटरची वायर ओढायची सवयच न्हाय. वायर ओढायला मानूस पाहिजे सोलापूरचा!"

लगेच ते कामाला लागले. पण पहिल्याच दिवशी अडचण आली. सलीमभाईनं तक्ता भरून दिला : दहा वेळा वायर ओढली, दहाही वेळा काम चालू राहिलं, एकदम भारी सॉफ्टवेअर. अण्णा आनंदानं माझ्याकडं आले, आणि बोलता-बोलता दारातच थांबले.

"सर, सलीमचा लॅपटॉप हाय न्हवं?"

"हो."

"लॅपटॉपला बॅटरी असतीय."

"असते."

"अय्यो," म्हणाले आणि पायरीवर बसले. वाढप्याचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला होता. पाटीलबाईंकडं मुलानं दिलेला लॅपटॉप होता. शोधून-शोधून एकच जागा उरली, माझ्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर. त्याच्या जोडीची बॅटरी केव्हाच गेली होती. वायर ओढली की खलास.

"वीस वेळा ओढायची," अण्णा म्हणाले. "ओळीनं. लिवायचं, ओढायची, चालू करायचं, आलं का बघायचं. परत लिवायचं, परत ओढायची. दोन-तीन दिवस घ्या, पन वीस करा."

मी हो म्हणालो. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी अर्धं पान लिहिलं आणि वायर ओढली. परत चालू केल्यावर ते अर्धं पान जसंच्या तसं परत आलं. मला बरं वाटलं. पुढची वायर मी ओढली नाही. प्रवेशाचे दिवस होते, बाहेर मुलांची रांग होती, कॉम्प्युटर बिघडला तर प्राचार्य मला विचारणार होते. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांच्यामागं एक खरं कारण होतं, की मला कंटाळा आला होता. एकदा आलं ते वीसदा येणारच, असं मी मनाशी म्हणालो.

शुक्रवारी मी तक्ता भरायला बसलो. उरलेल्या एकोणीस ओळी मी एका बैठकीत भरल्या. मंगळवारच्या सहा, बुधवारच्या आठ, गुरुवारच्या पाच. वेळा ठरावीक अंतरानं टाकल्या तर संशय येईल म्हणून मागं-पुढं केल्या. दोन वेगळी पेनं वापरली. एका ओळीत तर 'परत यायला जरा वेळ लागला' असंही लिहिलं, खरं वाटावं म्हणून. आयुष्यात इतक्या काळजीनं मी दुसरं कुठलंच काम केलेलं नाही. तेवढ्या वेळात पाच-सात वेळा वायर ओढून झाली असती.

अण्णांनी तक्ता घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"झाल्या का वीस?"

"झाल्या."

"बरं," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. त्या दिवशी चहात साखर होती.

आवृत्ती बाहेर पडली. दोन आठवड्यांत तक्रारी सुरू झाल्या. पहिल्यांदा वीज गेली तर लिहिलेलं परत येत होतं. पण दुसऱ्यांदा गेली की दोन्ही वेळचं जात होतं, मागचं आणि पुढचं. कोरं पान उघडायचं. म्हणजे वायर दुसऱ्यांदा ओढली असती, फक्त दुसऱ्यांदा, तरी ते मला दिसलं असतं.

माणसं चिडली. एका खेड्यातल्या बाईनं लिहिलं, की ती आपल्या वारलेल्या आईकडून ऐकलेल्या ओव्या उतरवून काढत होती. चाळीस पानं झाली होती. आठवल्या त्या लिहिल्या होत्या, आता पुन्हा सगळ्या आठवतील असं नाही. तिच्या पत्रात शिवी नव्हती. बाकीच्यांच्या पत्रांत होत्या. कुणीतरी विचारलं, ही चाचणी केली कुणी? नाव सांगा. कावेरीनं उत्तर दिलं. 'चाचणीची जबाबदारी माझी होती. तपासणारी माणसं आपला वेळ फुकट देतात, त्यांची नावं कुणी विचारू नयेत. मी या कामातून बाजूला होत आहे.'

अण्णांनी ते छापून घेतलं की नाही मला माहीत नाही. मी महिनाभर त्यांच्याकडं गेलो नाही. ऑफिसातून येताना गल्लीच्या दुसऱ्या तोंडानं यायचो. बायकोला सांगितलं, चहानं पित्त होतं. एकदा गच्चीवरून पाहिलं, तर ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. हातात काही नव्हतं. पाटीलबाई कठड्याशी येऊन म्हणाल्या, "काय बिराजदार, या वेळचा तक्ता नाही आला?" ते म्हणाले, "आता न्हाय यायचा, बाई." बाई आत गेल्या.

शेवटी एका रविवारी संध्याकाळी मी गेलो. बसलो नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. "अण्णा, मी वायर एकदाच ओढली होती. बाकीच्या एकोणीस मी मनानं लिहिल्या."

"बसा," ते म्हणाले.

"मला रागवा तरी."

"बसा की सर. मला ठाऊक हुतं."

मला आधी कळलंच नाही.

"बुधवारी बारा वाजता मी आलतो तुमच्या हाफिसात. म्हनलं, सर एकटंच वायर ओढत बसल्यात, भाकरी-चटनी घिऊन जावं. तर त्या भागात सकाळधरनं लाईटच न्हवती. शिपाई म्हनला, लाईट आता रातच्यालाच येनार, मानेसायब बैठकीला गेल्यात बाहेर. मी डबा तसाच घिऊन परत आलो. आन तुमच्या कागदात बुधवारच्या आट हुत्या."

लाईट नसलेल्या दिवशी, रिकाम्या खुर्चीवर बसून, मी आठ वेळा वायर ओढली होती. वेळ लिहून.

"मग तुम्ही तो कागद पाठवलात कशाला?" माझा आवाज चढला. माझ्याच चुकीसाठी मी त्यांच्यावर ओरडत होतो.

अण्णा जमिनीकडं पाहत बोलले. "समदी मानसं कागद देत्यात आन जात्यात, सर. चटनी घेत्यात, जात्यात. रोज संध्याकाळी येनारं तुमी एकटंच. म्हनलं, बोललो तर लाजंनं यायचं बंद हुतील. एक कागद हाय, निभंल." मग म्हणाले, "फॉल्ट समोर दिसत हुता आन मी तो पुढं धाडला. तिच्याकडं धाडला."

घरी आल्यावर मी कावेरीला पत्र लिहिलं. सॉफ्टवेअरबरोबरच्या आभाराच्या पानावर तिचा ईमेलचा पत्ता होता. मी कोण, मी काय केलं, बुधवारच्या आठ ओळी, सगळं लिहिलं. फक्त अण्णांना ते आधीच कळलं होतं, हे लिहिलं नाही. ही माझी दुसरी लबाडी. त्या वेळी मला ती चांगुलपणाची वाटली.

तीन दिवसांनी उत्तर आलं. मी ते छापून घेऊन अण्णांकडं गेलो आणि मोठ्यानं वाचलं.

'मानेसर, तुम्ही कळवलंत, बरं केलंत. सोलापूर गट म्हणजे अण्णा, हे मला पहिल्या कागदापासून माहीत आहे. असे कागद दुसरं कोण लिहिणार? मी ओळख दाखवली असती तर त्यांनी लिहायचं बंद केलं असतं, म्हणून कधी दाखवली नाही. या वेळी घोटाळा झाला तेव्हा मला वाटलं, अण्णा आता थकले, त्यांच्या हातून राहून गेलं. लोक नाव विचारू लागले. त्यांचं नाव निघू नये म्हणून मी बाजूला झाले. त्यांच्या हातून काही राहिलं नव्हतं, हे वाचून मला खूप बरं वाटलं. एवढंच त्यांना सांगा. त्यांचा गुडघा कसा आहे?'

अण्णांनी हात पुढं केला. कागद घेतला, पण वाचला नाही.

"पयल्या कागदापासनं?"

"हो."

"आन तिला वाटलं, मी थकलो म्हनून राहिलं."

"आता तसं वाटत नाही ना तिला. बरं वाटलं म्हणते."

"पन हे खोटं हाय सर." ते माझ्याकडं बघत नव्हते. "माझ्या हातूनच राहिलं. मला दिसलं हुतं. तिला हे असं ठाऊक असून चालायचं न्हाय."

"अण्णा, कशाला? मी लिहितो पाहिजे तर. मी सगळं सविस्तर—"

"तुमी न्हाय." ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. "आज तुमी जावा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला जा म्हटलेलं ते पहिल्यांदाच. मी बाहेर आलो. दिवस मावळत होता, पाटीलबाईंच्या अंगणातला दिवा अजून लागला नव्हता. मी पायरीवर बसून चपला घालत होतो तेवढ्यात आतून अण्णांचा आवाज आला. ते कन्नडमध्ये बोलत होते. त्या घरात मी कधीच कन्नड ऐकलं नव्हतं. मला ती भाषा येत नाही. "अव्वा, कावेरी," एवढंच कळलं, कारण लेकीलाही लाडानं अव्वा, म्हणजे आई, म्हणतात हे ऐकून माहीत होतं, आणि पुढं बरंच काही, हळू आवाजात, माझ्याशी बोलताना कधी नसायचा तशा आवाजात. मला इतकं बरं वाटलं, की मी चपलेचा पट्टा हातात धरून तसाच बसून राहिलो. ते थांबले. पलीकडून ती बोलत असेल, असं मी धरलं.

मग पुन्हा आवाज आला. "अव्वा, कावेरी." पुन्हा तेच शब्द, त्याच क्रमानं. पुन्हा त्याच जागी अडखळले, पुन्हा थांबले.

तिसऱ्यांदा "अव्वा, कावेरी" ऐकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की फोन त्यांनी अजून लावलेलाच नाही.

मी चपला हातात घेतल्या आणि फाटकाची कडी न वाजवता अनवाणीच घरी आलो.